औषध पोटात, खूण कातडीवर

आपल्या भाषेत औषधासंबंधी दोन फार सुंदर शब्दप्रयोग आहेत. एखाद्या औषधाने आराम पडला की आपण म्हणतो, "औषध लागू पडलं." आणि अपाय झाला की म्हणतो, "औषध बाधलं." आपल्या आजी-पणजीला रसायनशास्त्राचा गंध नव्हता, पण जे औषध एकाला लागू पडते तेच दुसऱ्याला बाधू शकते हे तिला पक्के ठाऊक होते. आज गावोगाव मेडिकलची दुकाने झाली, गोळ्या-मलमे हाताशी आली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण या सुबत्तेत 'लागू पडणे' तेवढे आपल्या लक्षात राहिले आणि 'बाधणे' आपण विसरत चाललो. म्हणून आज वाचकहो, औषध बाधले म्हणजे कातडीवर काय दिसते, त्यातले साधे कोणते, जिवावरचे कोणते, आणि आपण काय करावे, एवढाच विचार करू. मी वैद्य किंवा डॉक्टर नाही, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा उपचार सांगणे हे माझे काम नव्हे. डॉक्टरकडे केव्हा धाव घ्यावी आणि जाताना काय बरोबर न्यावे, एवढे मात्र प्रत्येक शहाण्या माणसाला ठाऊक असायला हवे.

प्रथम कातडीचीच ओळख करून घेऊ. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद चटई अंथरावी, तेवढी कातडी मोठ्या माणसाच्या अंगावर असते. तिचा वरचा थर पातळ. त्यातल्या जुन्या पेशी झडतात, खालून नव्या येतात आणि साधारण महिन्याभरात हा थर नवा होतो. त्याखाली जाड थर, त्यात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळे. कातडी म्हणजे नुसते अंगावरचे पांघरूण नव्हे. बाहेरून येणाऱ्या शत्रूला ओळखणाऱ्या पेशींचा पहाराही तिथे बसलेला असतो. हा पहारा चुकून औषधालाच शत्रू समजला, तर त्याची दंगल कातडीवर उमटते. पोटात घेतलेले औषध रक्तातून सगळीकडे जाते, तसे ते कातडीतही पोहोचते. यकृताला सूज आली तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीवर उठलेले पुरळ घरातले पोरसुद्धा पाहू शकते. म्हणून कातडी ही आपल्याला मिळालेली आयती सूचना आहे.

औषध बाधण्याचे प्रकार अनेक आहेत. त्यांतले मुख्य क्रमाने पाहू.

पहिला प्रकार आपल्या सर्वांच्या ओळखीचा. अंगावर पित्त उठते, गांधी येतात, खाज सुटते. काही पेनिसिलिन जातीच्या औषधांनी, काही वेदनाशामक गोळ्यांनी असे होते. औषध घेतल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांत हे दिसते. नुसत्या गांधी असतील तर डॉक्टरला दाखवून त्या बहुधा लवकर विरतात. परंतु गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, घेरी आली, तर कोकमाचा आगळ अंगाला चोळीत घरी बसू नये. श्वासनलिकेलाच सूज येत असते आणि तिथे घटका-घटका मोलाची असते. तडक दवाखाना गाठावा, किंवा महाराष्ट्रात असाल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. गोवरासारखे लाल, बारीक पुरळ आधी छाती-पाठीवर आणि मग हातापायांवर पसरते. यात लोक फसतात ते वेळेच्या हिशेबाने. "गोळी तर आठ दिवस झाले घेतोय, बाधायची असती तर पहिल्याच दिवशी नसती का बाधली?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. पण या प्रकारात शरीराच्या पहाऱ्याला औषधाची ओळख पटायला वेळ लागतो. साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत केव्हाही पुरळ उठू शकते. कधी कधी पाच दिवसांचा औषधाचा कोर्स संपून गेल्यावर ते उठते! आणि पूर्वी एकदा बाधलेले औषध पुन्हा पोटात गेले, तर ओळख जुनी असल्यामुळे एक-दोन दिवसांतच उठते. म्हणून पुरळ दिसताच "आज काय खाल्लं?" एवढेच विचारू नये. "गेल्या महिना-दोन महिन्यांत कोणतं नवं औषध सुरू केलं?" असे विचारावे. मुलाला खरोखरीचा गोवरही असू शकतो. तो निवाडा डॉक्टरने करावा.

तिसरा प्रकार मोठा चमत्कारिक आहे. ओठावर, हातावर, क्वचित गुप्तांगावर एक गोल, लालसर-जांभळा चट्टा उठतो, जळजळतो आणि बरा होताना काळा डाग ठेवून जातो. चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच औषध घेतले की नेमक्या त्याच जागी चट्टा पुन्हा उठतो. जणू औषधाने आपली जागा राखून ठेवली आहे! सल्फा जातीच्या गोळ्या, जुलाबावर घेतल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्या, काही वेदनाशामके यांच्यामुळे असे होते. माणूस मात्र उष्णता झाली म्हणतो, पाल अंगावरून गेली म्हणतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा चट्टा उठत असेल तर प्रत्येक वेळी आधी कोणती गोळी घेतली होती, ते आठवून पाहावे. उत्तर बहुधा तिथेच सापडते.

चौथा प्रकार शेतकरी बंधूंनी विशेष ध्यानात ठेवावा. काही औषधे पोटात असताना ऊन सोसत नाही. पावसाळ्यात चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, त्यावर आणि इतरही अनेक रोगांवर डॉक्सिसायक्लिन नावाचे गुणकारी औषध देतात. ते चालू असताना उघड्या अंगाने उन्हात राबले तर नेहमीपेक्षा फार लवकर कातडी भाजल्यासारखी लाल होते. रक्तदाबावरच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांचाही हा गुण आहे. याची खूण सोपी आहे. चेहरा, मान, हात, म्हणजे उघडा भाग तेवढा भाजतो आणि सदऱ्याखालचा भाग ठीक राहतो. म्हणून औषध टाकू नये, ऊन टाळावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला मुंडासे, बायाबापड्यांनी डोईवरून पदर आणि भर दुपारचे काम शक्य तर सकाळ-संध्याकाळवर, एवढे पथ्य पुरते.

आता पाचवा प्रकार, आणि इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण इथे बाधा नसताना बाधा समजल्याने नुकसान होते. कुष्ठरोगावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात आणि कोर्स पूर्ण केला की हा रोग खात्रीने बरा होतो. त्यात क्लोफाझिमिन नावाचे एक औषध आहे. १९५४ साली आयर्लंडमधील डब्लिन शहरात क्षयावरच्या औषधाचा शोध घेताना ते हाती आले. ते मुळात लालसर रंगाचे द्रव्यच आहे, त्यामुळे ते घेणाऱ्याची कातडी हळूहळू तांबूस-काळपट होते आणि कोरडीही पडते. जोडीच्या रिफाम्पिसिनमुळे लघवी तांबडी-नारिंगी होते. घरच्यांना हे सांगितलेले नसते. ते म्हणतात, "गोळ्यांनी अंग काळं पडलं, रोग वाढला." शेजारीपाजारी कुजबुजतात. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर आई-बाप घाबरून गोळ्या बंद करतात. रोग मात्र आतल्या आत नसा खात राहतो, आणि एकदा बोटे वाकडी झाली, संवेदना गेली, की ती परत आणणे कठीण. हा काळेपणा रोगाचा नाही आणि विषाचाही नाही. कोर्स संपल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षभरात किंवा थोड्या अधिक काळात, तो ओसरतो. तोवर अंगाला रोज खोबरेल लावावे आणि गोळ्या चुकवू नयेत. गावातल्या गुरुजींनी अशा एका घरी जाऊन एवढे जरी समजावले, तरी एका माणसाचे हातपाय वाचतात.

आता जे जिवावरचे आहे ते सांगतो. १९२२ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी दोन मुलांच्या आजाराचे वर्णन केले. ताप, तोंडात फोड, डोळे सुजून लाल आणि अंगभर चट्टे. पुढे त्यांचीच नावे या आजाराला मिळाली. बहुतेक वेळा तो औषधामुळे होतो. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिड वाढल्यावर देतात ते ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, काही वेदनाशामके ही त्यातली मुख्य नावे. नवे औषध सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांतच त्याचा धोका अधिक असतो. आधी एक-दोन दिवस ताप, घसादुखी, डोळ्यांची आग. साधी सर्दीच वाटते. मग कातडी दुखू लागते, जांभळे चट्टे येतात, तोंडाला आणि डोळ्यांना आतून जखमा होतात, फोड येतात आणि भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. शरीरावरची तीस टक्क्यांहून अधिक कातडी सुटली, तर शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावतात. हा आजार दुर्मिळ आहे, दहा लाख माणसांत वर्षाकाठी मोजक्यांनाच होतो. म्हणून ही नावे ऐकून कोणी आपल्या चालू गोळ्या टाकून देऊ नयेत. लाखो लोकांना या औषधांनी आयुष्य दिले आहे. काहींनाच असे का होते? थोडा उलगडा २००४ साली झाला. कार्बामाझेपिनने असा आजार झालेल्यांत आई-बापांकडून आलेला एक विशिष्ट वंशगुण आढळतो, असे तैवानमधील संशोधकांनी दाखवले. म्हणजे दोष औषधाचा एकट्याचा नाही आणि रोग्याच्या पूर्वकर्माचा तर मुळीच नाही.

तेव्हा धोक्याच्या खुणा पाठ करून ठेवा. पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी दुखणे, फोड येणे किंवा कातडी सुटणे, चेहरा सुजणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे. यातली एक जरी खूण दिसली तरी संशयित औषधाचा पुढचा डोस न घेता त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. फिट्सच्या रोग्याने तर घरी बसून राहणे दुहेरी घातक, कारण गोळी चालू ठेवली तर कातडीला धोका आणि अचानक सोडली तर फिट येण्याचा धोका. दवाखान्यात तिच्याऐवजी दुसरे औषध देता येते.

इथवर पोटातल्या औषधांचे झाले. आता वरून लावायच्या मलमांकडे वळू, कारण आज खेड्यापाड्यांत आणि शहरांत सर्वांत जास्त घोळ इथेच आहे. 'बिब्बा उतला' हे आपल्याला ठाऊक आहे. बिब्ब्याचा डिंक लागला की कातडी भाजते, पाणी सुटते, म्हणून आपण बिब्ब्याला जपून हात लावतो. मलमाच्या नळीला मात्र कोणीच भीत नाही!

स्टेरॉइड जातीच्या औषधांचा उगम मोठा उज्ज्वल आहे. १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि त्याला विलक्षण आराम पडला. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी त्याच कुळातले औषध मलमातून इसबावर गुणकारी असल्याचे दाखवले. पुढे त्याहून कित्येक पटींनी जहाल अशी बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे आली. इसब आणि त्यासारख्या सुजेच्या रोगांवर, डॉक्टरच्या नजरेखाली, ही वरदानच आहेत.

घोटाळा होतो तो गजकर्णावर. गजकर्ण, नायटा हा बुरशीचा रोग. बुरशी कातडीवर वाढते, शरीराचा पहारा तिच्यावर तुटून पडतो, त्या झटापटीची सूज म्हणजे ती लाली आणि ती खाज. स्टेरॉइड या पहाऱ्यालाच झोपवते. खाज एका रात्रीत थांबते. माणूस खूश! पण राखणदार झोपला म्हणजे चोर गेला असे होते का? बुरशी निवांत पसरते. मलम थांबवले की दुप्पट खाज, म्हणून पुन्हा मलम. असे महिनोन्महिने चालते. गोल कडेचे गजकर्ण ओळखू येईनासे होते आणि डॉक्टरलाही निदान जड जाते. वर जांघेतली, काखेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर ताणल्यासारखे पट्टे उमटतात, ते जन्मभर राहतात. मूळ बुरशीवरच्या काही औषधांना दाद न देणारी जातही आता आपल्या देशात पसरली आहे आणि २०२० साली तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नावच मिळाले. आपल्या देशावरून रोगाच्या बुरशीचे नाव पडावे, हे काही भूषण नव्हे.

दुसरा घोटाळा गोरेपणाचा. वांगावर डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी दिलेले क्रीम मैत्रिणी-मैत्रिणींत हातोहात फिरते. चेहरा दोन आठवडे उजळल्यासारखा दिसतो. पुढे तो लाल होतो, उन्हात आग होते, मुरुमे येतात, बारीक केस वाढतात, आणि क्रीम सोडवत नाही. माझ्या लेकी-बहिणींना सांगणे आहे की आपला सावळा रंग हा रोग नव्हे, त्याला औषध नको.

ही मलमे सर्रास विकली जात, म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण कायदा दुकानापर्यंत पोहोचतो, आपल्या फडताळातल्या जुन्या नळीपर्यंत पोहोचत नाही. तिथे आपणच पहारा करायला हवा. पुष्कळ दिवस असे मलम लावले असेल तर ते कसे थांबवावे हेही डॉक्टरलाच विचारावे. एकाएकी सोडले तर कधी कातडी अधिकच खवळते.

आता जपून वागण्याचे काही साधे नियम सांगतो.

एक, औषधाची चिठ्ठी आणि पाकीट औषध संपेपर्यंत जपा. अंगावर काही उठले तर पाकिटे सगळीच्या सगळी डॉक्टरकडे न्या. "पांढरी गोळी होती" एवढ्यावरून कोणालाही निदान करता येत नाही.

दोन, बाधलेल्या औषधाचे नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्या. एक चिठ्ठी खिशात, एक घरी. नाव कंपनीचे नको, पाकिटावर छापलेले मूळ औषधाचे हवे, कारण तेच औषध दहा नावांनी विकले जाते. आणि दरेक नव्या डॉक्टरला ते न विचारता सांगा.

तीन, एकाचे औषध दुसऱ्याने घेऊ नये. सासऱ्याची गोळी सुनेला आणि मोठ्याचे मलम तान्ह्या बाळाला, हे नकोच. बाळाची कातडी पातळ असते, मलम तिच्यातून रक्तात लवकर उतरते.

चार, मलम किती लावावे यालाही माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून रेघ काढावी. तेवढे मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. वरणावर तूप ओतल्यासारखे ओतू नये.

पाच, गजकर्ण असेल तर डॉक्टरने सांगितले तितके दिवस औषध घ्यावे, डाग मावळला म्हणून मध्येच सोडू नये. कपडे, पंचा वेगळे ठेवावेत, धुऊन कडक उन्हात वाळवावेत, आणि घरात आणखी कोणाला खाज असेल तर सर्वांचा उपचार एकदमच व्हावा.

सहा, नाव-गाव नसलेली पुडी किंवा बाटली, मग ती देशी म्हणून विका की विलायती म्हणून, घेऊ नये. आत स्टेरॉइड आहे की सोमल आहे, कोणी सांगावे? सोमल फार दिवस पोटात गेला तर तळहात-तळपायांची कातडी जाड होऊन खडबडते आणि अंगावर ठिपके पडतात.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. औषधाच्या पाकिटावरची अक्षरे बारीक आणि बहुतेक इंग्रजी असतात. म्हाताऱ्या आई-बापांना ती वाचता येत नाहीत, तुमच्या सातवी-आठवीच्या मुलांना येतात. एखाद्या तासाला रिकामी पाकिटे गोळा करून मुलांना औषधाचे मूळ नाव, मुदत संपण्याची तारीख आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना शोधायला लावा. तो भाषेचाही पाठ आहे आणि आरोग्याचाही. घरी जाऊन तेच मूल आजोबांच्या गोळ्या वाचून दाखवील.

आणखी एक. औषध बाधल्याची नोंद सरकारदरबारी होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१० सालापासून भारत सरकारचा औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे, त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ या बिनखर्ची दूरध्वनीवर डॉक्टरच नव्हे, रोगी किंवा त्याचे घरचे लोकही कामाच्या दिवशी माहिती देऊ शकतात. एका माणसाचा अनुभव नोंदला गेला तर तो पुढल्या दहांना सावध करतो.

तात्पर्य, औषधाला भिऊ नये आणि त्याला गूळ-खोबरेही समजू नये. लागू पडले तर कोर्स पुरा करा, बाधले तर लपवू नका. कातडी आपल्याला वेळीच हाक मारते. ती ऐकून त्याच दिवशी पाऊल उचलले, तर औषधाचा गुण पदरात पडतो आणि त्याची बाधा टळते.